पीएलसी शिकायचंय? लॅपटॉपआधी पॅनेल उघडा

बेळगावच्या उद्यमबागेतली फौंड्री असो, मच्छे किंवा होनग्यातलं मशीन शॉप असो, नाहीतर चिकोडी-अथणी पट्ट्यातला साखर कारखाना, लाइन थांबली की कुणीतरी ठामपणे सांगतोच, "पीएलसी गेलाय." पीएलसी म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, मशीन चालवणारा पॅनेलमधला छोटा संगणक. पॅनेल उघडून बघावं तर त्याचा रनचा दिवा मजेत जळत असतो आणि दोष निघतो वाळूत गाडल्या गेलेल्या एखाद्या सेन्सरचा.

हा लेख आयटीआय किंवा डिप्लोमा करून नुकतेच कामाला लागलेल्यांसाठी आहे. स्टार-डेल्टा स्टार्टर डोळे मिटून जोडणारा, पण लॅपटॉप दिसला की मागे सरणारा वायरमन असेल, तर त्याच्यासाठी खास. माझं म्हणणं एवढंच की प्रोग्राम लिहिणं आणि बिघाड शोधणं ही दोन कामं वेगवेगळी शिकायची नाहीत. आज लिहिलेली ओळ उद्या रात्रपाळीतल्या माणसाला काय सांगेल, हे लिहितानाच ठरवायचं असतं.

भीती जावी म्हणून थोडा इतिहास. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या अजस्र पॅनेलांना पर्याय हवा होता. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उसवून पुन्हा करावं लागे. डिक मॉर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी मोडिकॉन ०८४ बनवला तो याच गरजेतून. तो हाताळणार होते कारखान्यातले इलेक्ट्रिशियन, म्हणून त्याची भाषाही रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली गेली. तीच आजची लॅडर. म्हणजे कंट्रोल वायरिंग वाचता येणाऱ्या वायरमनचा निम्मा अभ्यास आधीच झालेला आहे. १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या मानकाने लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट वगैरे भाषांचे नियम बांधून दिले. हिशेबाचं काम असेल तर स्ट्रक्चर्ड टेक्स्ट सोयीची पडते, पण सुरुवात लॅडरनेच करा.

सरावाचा बोर्ड

कुठला पीएलसी घ्यावा? तुमच्या कारखान्यात जो आहे तो. तिथे सीमेन्स असताना दुसऱ्याच मेकवर सहा महिने घालवू नयेत. कारखाना अजून ठरलाच नसेल तर डेल्टा कंपनीचा छोटा डीव्हीपी पुरेसा आहे. त्याचं सॉफ्टवेअर आयएसपीसॉफ्ट फुकट मिळतं. सीमेन्सच्या टीआयए पोर्टलची २१ दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते. हातात काहीच नसेल तर कोडेसिस उतरवून घ्या, त्यात सिम्युलेटर आहे.

पण नुसत्या सिम्युलेटरवर थांबू नका. सिम्युलेटरमध्ये वायर सैल होत नाही. एका प्लायवूडवर २४ व्होल्टचा एसएमपीएस (एसीचा डीसी करून देणारा पुरवठा), एक एमसीबी, चार पुशबटणं, तीन-चार दिवे, एक रिले, एक छोटा कॉन्टॅक्टर आणि एक प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवा. जुन्या पॅनेलमधून निघालेला माल चालतो. मल्टिमीटर मात्र चांगला घ्या. स्क्रू-ड्रायव्हरचा टेस्टर २४ व्होल्टवर पेटतच नाही, आणि २३० वर नुसत्या इंडक्शननेही पेटतो. पीएलसीच्या कामात त्याच्यावर भरवसा ठेवणं म्हणजे तास वाया घालवणं.

स्कॅन समजला की पुष्कळ कोडी सुटतात

पीएलसी आधी सगळ्या इनपुटची स्थिती एकदाच वाचतो, मग प्रोग्राम वरून खाली सोडवतो, मग आउटपुट एकदम बदलतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. या फेरीला स्कॅन म्हणतात. छोट्या प्रोग्रामला ती काही मिलिसेकंदांत संपते.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. तोच आउटपुट दोन ठिकाणी कॉइल म्हणून (ओळीच्या शेवटी, निकाल म्हणून) लिहिला तर खालची ओळ जिंकते आणि वरची कितीही हिरवी दिसली तरी मोटर फिरत नाही. जुन्या मशीनवर तीन जणांनी हात फिरवलेला प्रोग्राम असेल तर पहिल्यांदा क्रॉस-रेफरन्स (कोणता पत्ता कुठे कुठे वापरलाय त्याची यादी) काढून हे बघा. दुसरं, फार छोटा पल्स निसटू शकतो. डेल्टाच्या इनपुटला साधारण १० मिलिसेकंदांचा फिल्टर असतो. त्याहून छोटी चुळबुळ प्रोग्रामला दिसतच नाही. एन्कोडरसारख्या (फिरण्याचे भराभर पल्स देणाऱ्या) गोष्टींना हाय-स्पीड काउंटर लागतो तो म्हणून.

वायरिंग: इथेच बहुतेक जण अडखळतात

तीन वायरींच्या सेन्सरमध्ये तपकिरी म्हणजे अधिक २४, निळी म्हणजे शून्य, काळी म्हणजे सिग्नल. पीएनपी सेन्सर काळ्या वायरीवर अधिक २४ देतो, एनपीएन शून्याकडे ओढतो. डेल्टावर एस-एस नावाचं टर्मिनल असतं. पीएनपी वापरायचा असेल तर ते शून्याला जोडा, एनपीएन असेल तर २४ ला. बाजारात घाईत उलट्या जातीचा सेन्सर आणला की त्याचा स्वतःचा दिवा लागतो, पण पीएलसीच्या इनपुटचा लागत नाही. हे लक्षण ओळखीचं करून ठेवा.

२४ व्होल्टच्या नेहमीच्या इनपुटला १५ ते ३० व्होल्ट म्हणजे 'चालू' आणि ५ च्या खाली म्हणजे 'बंद'. मधलं काहीही मिळालं तर भरवसा नाही. मीटरवर ११ व्होल्ट दिसले की "सप्लाय येतोय की" म्हणून पुढे जाऊ नका, बिघाड तिथेच आहे.

रिले आउटपुटवरून मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल थेट चालवू नका, मध्ये एक छोटा रिले ठेवा. आतला रिले चिकटला तर पूर्ण पीएलसी उघडावा लागतो, बाहेरचा दोन मिनिटांत बदलता येतो. डीसी कॉइलला उलटा डायोड, एसी कॉइलला आरसी स्नबर.

आता ज्यात तडजोड नाही ते. स्टॉप बटण आणि ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट नेहमी एनसी (एरवी जोडलेला, दाबला किंवा ट्रिप झाला की उघडणारा) घ्या, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबेल. प्रोग्राममध्ये मात्र तो साधा उघडा कॉन्टॅक्ट म्हणून लिहायचा, कारण बटण न दाबलेल्या स्थितीत इनपुट चालू असतो. नवशिक्यांचा इथे हमखास गोंधळ होतो; बोर्डवर दहादा करून बघा. आणि इमर्जन्सी स्टॉपने आउटपुटचा पुरवठा सेफ्टी रिलेतून थेट तोडला पाहिजे. पीएलसीला त्याची फक्त बातमी द्यायची, निर्णय त्याच्यावर सोडायचा नाही. पुढे-मागे फिरणाऱ्या मोटरचा इंटरलॉकही प्रोग्रामबरोबर कॉन्टॅक्टरमध्ये हवाच.

कागदावर क्रम: फौंड्रीच्या सँड प्लांटचं उदाहरण

शेकआउटखाली (साचा हलवून वाळू झाडतात तिथे) पडलेली वाळू पहिला बेल्ट उचलतो, बकेट एलिव्हेटर ती वर नेतो, दुसरा बेल्ट हॉपरमध्ये टाकतो. साखर कारखान्यातल्या बगॅसच्या (उसाच्या चोयट्याच्या) कॅरिअरलाही हेच तर्कशास्त्र लागतं, म्हणून हे एक उदाहरण नीट पचवा.

वाळू जिकडे जाते त्याच्या उलट्या क्रमाने सुरुवात: आधी दुसरा बेल्ट, मग एलिव्हेटर, शेवटी पहिला बेल्ट. मधलं काही थांबलं तर त्याच्या मागचं लगेच थांबलं पाहिजे, नाहीतर एलिव्हेटरच्या बुटात (तळाच्या पेटीत) वाळूचा ढीग होतो आणि फावड्याने काढायला दोन माणसं लागतात. पुढचं मात्र थोडा वेळ चालू राहून रिकामं व्हावं. लॅपटॉप उघडण्याआधी हे ऑपरेटरला विचारून कागदावर लिहा. मशीन कसं चालावं हे त्याला माहीत असतं.

मग इनपुट-आउटपुटची यादी. आठ इनपुट आणि सहा आउटपुटच्या छोट्या डेल्टात हे बसतं:

- एक्स-०: स्टार्ट
- एक्स-१: स्टॉप, एनसी
- एक्स-२: इमर्जन्सी आणि पुल-कॉर्ड (बेल्टच्या कडेची, ओढली की मशीन थांबवणारी दोरी) ठीक असल्याची सेफ्टी रिलेची बातमी
- एक्स-३, एक्स-४, एक्स-५: दुसरा बेल्ट, एलिव्हेटर, पहिला बेल्ट यांचे ओव्हरलोड, एनसी
- एक्स-६: एलिव्हेटरच्या शाफ्टवरचा प्रॉक्सिमिटी
- एक्स-७: रिसेट
- वाय-०, वाय-१, वाय-२: दुसरा बेल्ट, एलिव्हेटर, पहिला बेल्ट
- वाय-३: भोंगा
- वाय-४: फॉल्टचा दिवा

डेल्टा आणि मित्सुबिशी एफएक्समध्ये हे नंबर ऑक्टल असतात, एक्स-७ नंतर थेट एक्स-१० येतो. सीमेन्समध्ये आय ०.० ते ०.७ आणि पुढे १.०.

आता ओळी. एम म्हणजे पीएलसीच्या आतला, फक्त मेमरीतला रिले. पहिली: एक्स-० किंवा एम-०, त्यापुढे सिरीजमध्ये एक्स-१, एक्स-२, एक्स-३, आणि कॉइल एम-०. ही आपली नेहमीची होल्डिंग, बटण सोडलं तरी चालू ठेवणारी. एम-० साठी वीज गेल्यावर पुसला जाणारा भाग वापरा. लाइट परत आल्यावर बेल्ट आपोआप सुरू होणं परवडणारं नाही. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत लाइट किती वेळा येते-जाते ते वेगळं सांगायला नको.

दुसरी: एम-० वर टायमर टी-०, के १००. टाइमबेस १०० मिलिसेकंद, म्हणजे १० सेकंद. तेवढा वेळ भोंगा वाय-३. मग एम-० आणि टी-० वर वाय-०. वाय-० वर टी-१, ३ सेकंद. वाय-०, टी-१, एम-१० नसणे यावर वाय-१. वाय-१ वर टी-२, ५ सेकंद. वाय-१, टी-२, एम-११ नसणे यावर वाय-२. एलिव्हेटर पडला की पहिला बेल्ट त्याच स्कॅनमध्ये पडतो, कारण तो वाय-१ वरच लटकलेला आहे.

एम-१० म्हणजे एलिव्हेटरचा फॉल्ट आणि इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. मोटर फिरतेय पण बेल्ट घसरलाय किंवा तुटलाय, हे ओव्हरलोडला कळत नाही. त्यासाठी शाफ्टवर पट्टी लावून एक्स-६ चे पल्स मोजायचे. शाफ्ट मिनिटाला ३० फेरे घेत असेल तर दर २ सेकंदांनी एक पल्स. मग वाय-१ चालू असताना एक्स-६ सलग ५ सेकंद बंद राहिला तर फॉल्ट, हे कुणीही लिहितो. पण शाफ्ट नेमकी पट्टी सेन्सरसमोर असताना थांबला तर? एक्स-६ कायम चालू राहील आणि टायमर कधीच भरणार नाही. म्हणून दोन टायमर: टी-३ एक्स-६ बंद असण्याचा, टी-४ चालू असण्याचा. दोघांपैकी कुणीही भरला, किंवा एम-० चालू असताना एक्स-४ उघडला, की एम-१० सेट, म्हणजे रिसेट करेपर्यंत चालूच. तसंच एक्स-५ उघडला की एम-११ सेट.

सेट का, साधी कॉइल का नाही? समजा एक्स-४ थेट वाय-१ च्या ओळीत लिहिला. ओव्हरलोड ट्रिप झाला, फिटरने बुटाचं झाकण उघडून हात घातला, आणि इकडे पॅनेलपाशी कुणीतरी ओव्हरलोडचं निळं बटण दाबलं. एम-० अजून चालू, भोंगा नाही, एलिव्हेटर सुरू. म्हणून फॉल्ट धरून ठेवायचा, एम-१० किंवा एम-११ वर २० सेकंदांचा टी-५ लावून पुढचा बेल्ट रिकामा झाला की एम-० पाडायचा, म्हणजे टी-५ चा बंद कॉन्टॅक्ट पहिल्या ओळीत. आणि एक्स-७ चा रिसेट फक्त एम-० बंद असतानाच चालू द्यायचा. नव्याने स्टार्ट, नव्याने भोंगा. एवढं असूनही हात घालण्याआधी आयसोलेटर (मोटरची वीज तोडणारा स्विच) बंद करून कुलूप हवंच. प्रोग्राम त्याची जागा घेत नाही.

नेहमीच्या स्टॉपला मात्र या रचनेत सगळं एकदम थांबतं आणि वाळू बेल्टवर राहते. पहिला बेल्ट आधी, मग उशिराने बाकीचे असा क्रम लावून बघा. घरचा अभ्यास समजा.

४ ते २० मिलिअँपिअर

साखर कारखान्यात रसाच्या टाकीची पातळी, तापमान, दाब सगळं याच भाषेत येतं. शून्याऐवजी ४ पासून सुरुवात का? टाकी रिकामी असणं आणि वायर तुटणं यात फरक कळावा म्हणून. ५ मीटरच्या टाकीला १२ मिलिअँपिअर म्हणजे अडीच मीटर: करंटमधून ४ वजा करा, १६ ने भागा, ५ ने गुणा. सीमेन्स एस७-१२०० चं ४-२० चं कार्ड हीच गोष्ट ० ते २७६४८ या आकड्यांत देतं. ३.६ च्या खाली गेलं की पातळी न दाखवता फॉल्ट दाखवा आणि पंप सुरक्षित स्थितीत न्या. लक्षात असू द्या, एस७-१२०० च्या सीपीयूवरचे साधे अॅनालॉग इनपुट ० ते १० व्होल्टचे असतात. त्यांना ट्रान्समीटर (४-२० चा करंट पाठवणारं मोजणी यंत्र) थेट जोडून रीडिंग येत नाही म्हणून ट्रान्समीटरला शिव्या देऊ नयेत.

बंद पडलं की

लॅपटॉप शेवटून दुसरा. आधी ऑपरेटरला विचारा: नेमकं काय करताना थांबलं, आणि काल-परवा तिथे कुणी काम केलं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा "हो, वेल्डिंग केलं होतं" असं येतं.

मग पीएलसीचे दिवे. पॉवर नाही तर एसएमपीएस आणि फ्यूज. पॉवर आहे पण रन नाही, तर कुणी स्विच स्टॉपवर टाकलाय का बघा. एरर लुकलुकत असेल तरच पीएलसीवर संशय.

तिसरी पायरी सगळ्यात फायद्याची. जी मोटर फिरत नाही तिचा आउटपुटचा दिवा लागलाय का? लागला असेल तर प्रोग्राम निर्दोष सुटला: पुढे आउटपुटचा कॉमन फ्यूज, मधला रिले, कॉन्टॅक्टरच्या कॉइलवरचा व्होल्टेज, ओव्हरलोड, मोटर. कॉइलवर पूर्ण व्होल्टेज असून ओढत नसेल तर कॉइल गेलेली. दिवा लागला नसेल तर मोटरकडे जाऊच नका.

आता लॅपटॉप. ऑनलाइन मॉनिटर लावा, त्या आउटपुटची कॉइल शोधा आणि डावीकडे चालत जा. पहिला हिरवा नसलेला कॉन्टॅक्ट पकडा. तो एम असेल तर त्याची कॉइल शोधून पुन्हा तेच. असं उलटं चालत गेलं की शेवटी एक इनपुट हाती लागतो. त्याचा पॅनेलमधला दिवा, सेन्सरवरचा दिवा आणि टर्मिनलवरचा व्होल्टेज या तिन्हींची गाठ घाला. सेन्सरचा दिवा लागतो पण टर्मिनलवर काही नाही, तर मधली केबल. टर्मिनलवर २४ आहेत, तरी इनपुटचा दिवा नाही, तर आधी कॉमन (गटाची सामायिक वायर) तपासा. एकाच गटातले सगळे इनपुट एकदम गेले तर सेन्सर शोधत हिंडू नका, त्यांची कॉमन वायर किंवा पुरवठा सैल आहे का बघा.

फोर्स करून (लॅपटॉपवरून इनपुट-आउटपुट जबरदस्तीने चालू-बंद करून) बघण्याचा मोह होतो. मशीनपाशी माणूस उभा करून, सगळ्यांना सांगून, आणि काढायचं विसरणार नाही याची सोय करूनच करा.

कधी होतं, कधी नाही

हा खरा डोकेदुखीचा प्रकार. दिवसातून दोनदा लाइन थांबते, पॅनेलपाशी पोचेपर्यंत सगळं ठीक. यावर उपाय प्रोग्राममध्येच आहे: सापळा. एम-० चालू असताना एक्स-१ बंद झाला आणि आधी काही नोंदलेलं नसेल तर एम-२१ सेट. तसंच एक्स-२ साठी एम-२२, एक्स-३ साठी एम-२३. प्रत्येक ओळीत "बाकीच्यांपैकी कुणी सेट नाही" ही अट, म्हणजे पहिला कोण पडला तेवढंच राहील. या ओळी एम-० च्या ओळीच्या वर लिहायच्या. ज्या स्कॅनमध्ये इनपुट पडतो त्यात वर वाचताना एम-० अजून आधीच्या फेरीचा, म्हणजे चालूच असतो. खाली लिहिल्या तर तो आधीच पडलेला असेल आणि सापळ्यात काहीच सापडणार नाही. पुढच्या स्टार्टला सापळा पुसला जावा.

एम-२२ सापडला तर पुल-कॉर्डची लांबलचक सिरीज तपासायला घ्या. फौंड्रीत थरथरीने टर्मिनल सैल होतात. सगळ्या वायरींच्या टोकांना फेरूल (दाबून बसवलेली धातूची टोपी) आणि वर्षातून एकदा स्क्रू आवळणं. साखर कारखान्यात हे ऑफ-सीझनमध्येच उरका, गळीत सुरू झाल्यावर कुणी लाइन थांबवू देत नाही. २४ व्होल्ट मोजायचे तर सगळे व्हॉल्व्ह ओढलेले असताना मोजा. रिकामा एसएमपीएस नेहमीच छान दिसतो. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) सुरू झाल्यावरच अॅनालॉग रीडिंग नाचत असेल तर शील्डेड केबल, शील्ड एकाच टोकाला अर्थ, आणि पॉवर केबलपासून वेगळा ट्रे. खानापूरच्या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये जंक्शन बॉक्समध्ये पाणी साचतं. ग्लँड (केबल आत शिरते तो जोड) खालच्या बाजूने घ्या. वीज कडाडून गेल्यानंतर बाहेरच्या टाक्यांकडून येणारे अॅनालॉग चॅनेल आणि कम्युनिकेशन पोर्ट आधी बघावेत, लांब केबली तिथेच येऊन संपतात.

बॅकअप आणि नावं

कुठल्याही पीएलसीला हात लावण्याआधी आतला प्रोग्राम अपलोड करून तारखेच्या नावाने ठेवा, एक प्रत लॅपटॉपबाहेर. नवीन मशीन घेताना पासवर्ड आणि कॉमेंटसकट फाइल मागून घ्या. पैसे चुकते करण्याआधी मागितली तर मिळते. कॉमेंटमध्ये शॉपवर बोलली जाणारी नावं लिहा: एलिव्हेटर, बेल्ट, हॉपर. निपाणीच्या माणसाने लिहिलेला प्रोग्राम गोकाकचा कन्नड बोलणारा सहकारी रात्री उघडणार असतो, आणि ही नावं दोघांचीही आहेत. तीच नावं पॅनेलमधल्या वायर नंबरांशी आणि ड्रॉइंगशी जुळवून ठेवा.

जुन्या काही पीएलसींमध्ये प्रोग्राम बॅटरीवरच्या मेमरीत असतो. बॅटरीचा दिवा लागला तर हंगाम संपण्याची वाट बघू नका, आणि बॅटरी पीएलसीची वीज चालू ठेवूनच बदला.

शेवटी कधीतरी खरंच सीपीयू जातो. तेव्हा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, कारण रिले आणि ट्रान्झिस्टर आउटपुटमध्ये एकाच अक्षराचा फरक असतो. जुना काढण्याआधी टर्मिनलचे फोटो काढा. नवीन बसवून आउटपुटच्या कॉमनचा फ्यूज काढून ठेवा, स्टेशन नंबर किंवा आयपी लावा, बॅकअप टाका, टायमर आणि रेसिपीचे आकडे जुन्या नोंदीशी ताडून बघा. मग एकेक बटण दाबून, एकेक सेन्सरसमोर लोखंड धरून सगळे इनपुट यादीवर टिक करा, त्यानंतर फ्यूज घाला आणि मोटरचे आयसोलेटर बंद ठेवूनच कॉन्टॅक्टर क्रमाने ओढतात का ते ऐका.